काउंटर रिकामं, मग बर्गरला पंचवीस मिनिटं का?

(एपिसोडचा लिखित मजकूर. जसं बोललोय तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त 'अं' आणि 'म्हणजे' थोडे कमी केलेत. लोकलमध्ये ज्यांचं नेटवर्क जातं त्यांच्यासाठी खास.)

आज सुरुवात एका व्हॉइस नोटने करतो. पुण्याची एक श्रोती आहे, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. रविवारी संध्याकाळी ती आणि तिचा भाऊ मॉलमधल्या एका बर्गरच्या दुकानात गेले. कुठलं ते तिने सांगितलंय, पण मी नाव घेत नाही. काउंटरवर यांच्यापुढे फक्त दोन माणसं. पैसे भरले, नंबर मिळाला, आणि मग पंचवीस मिनिटं नुसतं उभं राहणं. मधल्या वेळात डिलिव्हरीची मुलं येत होती, पिशव्या उचलत होती, जात होती. शेवटी हिचा नंबर स्क्रीनवर 'रेडी' म्हणून झळकला. ही काउंटरवर गेली, तर तिथला मुलगा म्हणतो, "दो मिनिट, मॅम." बर्गर आला तेव्हा फ्राइज गार. तिने विचारलं, त्याने खांदे उडवले. नोटच्या शेवटी ती म्हणते, "दादा, पैसे आपण मोजायचे आणि माज यांनी करायचा, असं का?"

असल्या नोट्स आपल्याकडे बऱ्याच येतात. चुकीची ऑर्डर, चीज सांगितलं ते नाही, सॉस मागितला तर कपाळाला आठ्या, अ‍ॅपवर ऑफर दिसते आणि काउंटरवर "ये यहाँ नहीं चलेगा." आणि सगळ्यांचा सूर एकच. ही माणसंच उर्मट.

माझं मत थोडं वेगळं आहे. उर्मट माणसं सगळीकडे असतात, तिथेही असणार. पण एकाच प्रकारचा त्रास पुण्यात, नाशकात, ठाण्यात, वेगवेगळ्या दुकानांत, वेगवेगळ्या मुलांकडून होत असेल तर तो स्वभावाचा प्रश्न राहत नाही. त्या मुलाला माज नसतो हो, त्याला अधिकार नसतो. काउंटरच्या अलीकडून दोन्ही सारखंच दिसतं, एवढंच. आणि हे कळलं की तक्रार कुठे करायची हेही कळतं. म्हणून आज जरा किचनमध्ये डोकावू.

आधी थोडा इतिहास, दोन मिनिटांचा.

फास्ट फूडचा जन्मच मुळी सर्व्हिस काढून टाकण्यातून झालाय. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो नावाचं शहर आहे. तिथे रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या दोन भावांचं ड्राइव्ह-इन होतं. गिऱ्हाईक गाडीतच बसून राहायचं आणि गाडीपाशी येऊन ऑर्डर घ्यायला, ट्रे आणून द्यायला मुली असायच्या. त्यांना कारहॉप म्हणत. धंदा चांगला चालला होता. तरी १९४८ साली या भावांनी दुकान तीन महिने बंद ठेवलं आणि सगळं उलटंपालटं केलं. कारहॉप काढून टाकल्या. मेनूत पंचवीसेक पदार्थ होते, ते नऊवर आणले. प्लेटा, काटे, चमचे रद्द, सगळं कागदात गुंडाळून. आणि ३० सेंटचा हॅम्बर्गर १५ सेंटला. किचनची मांडणी त्यांनी म्हणे टेनिस कोर्टवर खडूने आखून बघितली होती, कोण कुठे उभा राहील, कोणाचा कोणाला धक्का लागेल, हे सगळं. एक जण फक्त मांस भाजणार, एक फक्त पाव लावणार, एक फक्त मिल्कशेक. कारखान्यातल्या असेंब्ली लाइनसारखं.

दुकान परत उघडलं तेव्हा लोक सवयीने गाडीत बसून हॉर्न वाजवत राहिले. कोणी येईना! उतरून खिडकीपाशी जायला लागतंय हे पचायला वेळ गेला. पण मग किंमत आणि वेग बघून रांगा लागल्या.

म्हणजे सौदा असा होता: वेटरचं काम तुम्ही करा, ट्रे तुम्ही उचला, कचरा तुम्ही टाका, आणि त्या बदल्यात आम्ही स्वस्त आणि झटपट देतो. अमेरिकेत हे कामगार माणसाच्या दुपारच्या जेवणासाठी होतं.

आपल्याकडे काय झालं? केएफसी १९९५ मध्ये बंगळुरूला आलं. मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये, दिल्लीत आणि आपल्या वांद्र्यात. आणि आपल्याकडे ते आलं ते एसी, काचेचे दरवाजे, वाढदिवसाची पार्टी असं होऊन. आई-बाबा बक्षीस म्हणून घेऊन जायचे तिथे. खिशाला ते आपल्यासाठी स्वस्त नव्हतंच. उडप्याकडे कमी पैशात पोटभर जेवण मिळायचं, वर वेटर येऊन पाणी ठेवायचा. मग झालं असं की सौद्यातला 'स्वस्त' हा भाग गळला, ट्रे उचलण्याचा भाग राहिला, आणि आपण मात्र एवढे पैसे दिलेत म्हणजे चांगल्या हॉटेलसारखी वागणूक मिळेल या हिशोबाने गेलो. आपल्या निम्म्या चिडचिडीचं मूळ माझ्या मते इथे आहे. ही चिडचिड खोटी नाही, पण ती त्या दिवशी ड्यूटीवर असलेल्या मुलामुळे नाहीये.

न दिसणारी रांग

आता पंचवीस मिनिटांकडे येऊ. कारण हा भाग मला स्वतःला फार इंटरेस्टिंग वाटतो.

वडापावची गाडी डोळ्यांसमोर आणा. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास वडापाव विकायला सुरुवात केली असं मानलं जातं, तेव्हापासून या धंद्याची एक गोष्ट बदललेली नाही. रांग डोळ्यांना दिसते. कढईत किती वडे आहेत दिसतं. पुढे आठ माणसं आहेत, घाणा निघायला चार मिनिटं आहेत, थांबायचं की पुढच्या गाडीवर जायचं हे तुम्ही स्वतः ठरवता. आणि तळणारा, पैसे घेणारा, "दोन तिखट, एक बिनचटणी" लक्षात ठेवणारा बहुतेक वेळा एकच माणूस किंवा एकाच घरातली दोन माणसं. चूक झाली तर तोच दुसरा वडा हातावर ठेवतो. कोणाला विचारत नाही.

मॉलमधल्या दुकानात रांगा किती असतात मोजा. काउंटरची एक. त्या मोठ्या टचस्क्रीन किऑस्कची दुसरी. कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपची तिसरी. स्विगीची चौथी, झोमॅटोची पाचवी. काही ठिकाणी ड्राइव्ह-थ्रूची सहावी. आणि किचन? किचन एकच. तुमच्यापुढे काउंटरवर दोन माणसं दिसली, पण किचनच्या स्क्रीनवर तुमचा नंबर कदाचित एकोणिसावा होता. कोथरूडमध्ये सोफ्यावर बसलेली चार घरं तुमच्या आधी रांगेत उभी होती, तुम्हाला ती दिसली नाहीत.

बरं, रांग वाढली की वेळ त्याच प्रमाणात वाढतो असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. इथे गणित थोडं विचित्र आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत अ‍ॅग्नर एरलांग नावाचे गणिती होते. लोक फोन करतात कधीही, लाइन मर्यादित, मग किती जणांना थांबावं लागेल, यावर त्यांचा लेख १९०९ मध्ये आला. रांगांचं शास्त्र तिथून सुरू झालं असं समजतात. त्यातलं सगळ्यात साधं मॉडेल आपण किचनला लावून बघू. धरून चाला की किचन तासाला सरासरी ६० ऑर्डरी काढू शकतं.

तासाला ४५ ऑर्डरी येत असतील तर ऑर्डर दिल्यापासून हातात पडेपर्यंत सरासरी ४ मिनिटं. छान.

५४ येऊ लागल्या तर १० मिनिटं.

५७ आल्या तर २० मिनिटं!

बघा, ४५ च्या ५७ झाल्या, म्हणजे फक्त बारा ऑर्डरी जास्त. किचन अजूनही त्याच्या क्षमतेच्या आतच आहे. पण थांबायची वेळ पाचपट. कारण ऑर्डरी काही मिनिटाला एक अशा शिस्तीत येत नाहीत, झुंडीने येतात, आणि किचन जवळजवळ पूर्ण भरलेलं असलं की एकदा साचलेली झुंड उतरायला जागाच उरत नाही. खरं किचन या मॉडेलपेक्षा गुंतागुंतीचं असतं, दोन फ्रायर असतात, एका वेळी चार बर्गर लागतात, वगैरे. पण वळण हेच. आपल्या लोकल गाड्यांचं ऐन गर्दीच्या वेळी असंच होतं. एक गाडी चार मिनिटं अडली की मागचा तासभर विस्कटतो.

आता यात माणसं किती लावायची हे कोण ठरवतं? त्याचं वेळापत्रक आधीच लागलेलं असतं, मागच्या विक्रीच्या अंदाजावरून. विक्रीच्या अमुक टक्क्यांपेक्षा पगाराचा खर्च जास्त होता कामा नये, हा या धंद्यातला रोजचा आकडा. रिकामा बसलेला माणूस म्हणजे तोटा. म्हणून किचन मुद्दाम ४५ वर नाही, ५४ च्या आसपास चालेल अशीच माणसं ठेवली जातात. मग अचानक पाऊस येतो, सगळी मुंबई घरात बसून फोन उघडते, किंवा भारताची मॅच शेवटच्या ओव्हरला जाते, किंवा दोन मुलं दांडी मारतात. ५४ चे ५८ होतात. पुढचं तुम्ही अनुभवलेलं आहे.

मग डिलिव्हरीवाल्यांना आधी का देतात? ज्याला त्याला आधी आलेल्या क्रमाने द्यायचं असा नियम असला तरी दुकानावर दाब सारखा नसतो. डिलिव्हरी अ‍ॅपवर दुकानाला उशिराचा हिशोब लागतो, रेटिंग पडतं, रेटिंग पडलं की यादीत खाली जातात. तुम्ही काउंटरवर उभे आहात, पैसे आधीच दिलेत, जाणार कुठे?

'रेडी' म्हणजे रेडी नाही

आता स्क्रीनवर नंबर आला आणि बर्गर नव्हता, त्याचं काय. हे फार जणांनी विचारलंय.

किचनमध्ये प्रत्येक ऑर्डर एका स्क्रीनवर येते आणि तिच्या शेजारी घड्याळ चालू होतं. ऑर्डर तयार झाली की तिथला मुलगा एक बटण दाबतो आणि ती स्क्रीनवरून जाते. या कामाला तिथे 'बंप' करणं म्हणतात. ऑर्डर आल्यापासून बंप होईपर्यंतचा वेळ मोजला जातो, त्याची सरासरी निघते, ती वरच्या मॅनेजरकडे जाते, त्यावरून स्टोअर चांगलं की वाईट ठरतं. बहुतेक वेळा शिफ्ट मॅनेजरला ओरडा खावा लागतो तो याच आकड्यावरून.

मग गर्दीत घड्याळ लाल होऊ लागलं की साधा उपाय काय? बर्गर अजून बनतोय, फ्राइज टाकल्यात, पण बटण आधीच दाबायचं. घड्याळ थांबलं, आकडा वाचला. आणि बाहेर तुमच्या स्क्रीनवर नंबर झळकला. ड्राइव्ह-थ्रूमध्ये याचाच भाऊ आहे: "सर, गाड़ी थोड़ी आगे लगा लीजिए." गाडी खिडकीपासून हलली की तिथला सेन्सर समजतो, गिऱ्हाईक गेलं. तुम्ही पुढे पार्किंगमध्ये दहा मिनिटं बसलात ते कुठल्याच आकड्यात येत नाही. कधी कधी मागच्या गाडीची छोटी ऑर्डर अडू नये म्हणूनही तसं सांगतात, तेव्हा ते रास्तच आहे. पण मागे एकही गाडी नसताना पुढे घ्यायला सांगितलं तर कारण घड्याळ आहे हे ओळखा.

गार फ्राइजचंही तेच. तळलेल्या फ्राइज साधारण सात मिनिटंच चांगल्या राहतात, नंतर त्या टाकून द्यायच्या असा मोठ्या साखळ्यांत नियम असतो. पण टाकलेला माल वेगळ्या आकड्यात मोजतात, आणि तोही कमी दिसायला हवा. एका बाजूला वेळेचा आकडा, दुसऱ्या बाजूला नासाडीचा आकडा, मध्ये एकोणीस वर्षांचा मुलगा आणि आठव्या मिनिटाच्या फ्राइज. तुम्हाला काय वाटतं, त्या कुठे जात असतील?

वेळ मोजला की वेळ सुधारतो, सर्व्हिस सुधारतेच असं नाही. कधी कधी तर जिवावर बेततं. अमेरिकेत डॉमिनोजची तीस मिनिटांची हमी होती. सेंट लुइसमध्ये डिलिव्हरीच्या गाडीच्या धडकेत एक महिला जखमी झाली आणि १९९३ मध्ये तिथल्या ज्युरीने कंपनीला ७ कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला सांगितली. पुढे कमी रकमेत तडजोड झाली, पण कंपनीने त्याच वर्षी अमेरिकेतली ती हमी बंद केली. भारतात मात्र 'तीस मिनिटांत नाही तर फ्री' हे ऐकत आपली एक पिढी मोठी झाली. सोसायटीच्या गेटवर घड्याळ बघत उभी राहणारी पोरं मी बघितलीत, एकतिसावं मिनिट यावं म्हणून!

काउंटरवरचा चेहरा

आता त्या खांदे उडवण्याबद्दल.

आर्ली हॉकशील्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून १९८३ मध्ये 'द मॅनेज्ड हार्ट' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं आहे. हसणं, शांत राहणं, समोरच्याचा राग गिळणं हेसुद्धा कामच आहे, त्याचे पैसे मिळतात, आणि त्याने माणूस दमतो. दमलेलं शरीर दिसतं, दमलेला चेहरा मात्र आपल्याला उद्धट वाटतो.

फास्ट फूडच्या काउंटरवर तर बोलणंही स्वतःचं नसतं. स्वागताचं वाक्य ठरलेलं, "मील करना चाहेंगे?" ठरलेलं, "एक्स्ट्रा चीज?" ठरलेलं. ते विचारलं की नाही हे तपासायला कधी कधी कंपनीचा माणूस गिऱ्हाईक बनून येतो. म्हणून सांगलीचा पोरगा सांगलीच्या गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलतो. (एकदा करून बघा. तुम्ही मराठीतच ऑर्डर द्या, सावकाश. दहातले बरेच जण पटकन मराठीवर येतात, आणि चेहराही जरा सैल होतो.)

पण ठरलेल्या वाक्यांमध्ये एक वाक्य नसतं: "चुकलं आमचं, थांबा, बदलून देतो." कारण एकदा झालेलं बिल रद्द करणं, पैसे परत करणं हे काउंटरवरच्या मुलाच्या हातात बहुतेक ठिकाणी नसतंच. मशीनच मॅनेजरचा पासवर्ड नाहीतर कार्ड मागतं. आणि मॅनेजर त्या वेळी कुठे असतो? माणसं कमी म्हणून आत फ्रायरवर.

आपले काही श्रोते या काउंटरच्या पलीकडे काम करतात. त्यातल्या एकाचा मेसेज मी त्याला विचारून वाचतोय. तो लिहितो, "बिलावर कॅशियर म्हणून माझं नाव छापून येतं. किचनला उशीर झाला तरी गूगलवर माझं नाव घालून एक स्टार. मीटिंगमध्ये ते सगळ्यांसमोर वाचतात. माझी पहिलीच नोकरी आहे, मी आईला अजून सांगितलेलं नाही."

म्हणून माझी एक विनंती आहे. रिव्ह्यू जरूर लिहा, एक स्टारचा लिहा. पण त्यात वार, वेळ, ऑर्डर कुठून दिली आणि किती मिनिटं लागली हे लिहा. 'रविवारी साडेसातला एकच काउंटर चालू, पंचवीस मिनिटं' हे वाचून वरच्याला माणसं वाढवायची की नाही याचं उत्तर द्यावं लागतं. 'अमुक नावाचा मुलगा उर्मट' हे वाचून फक्त त्या मुलाला उत्तर द्यावं लागतं. शिवीगाळ केली, जात-भाषा काढली, मुद्दाम फसवलं, तर नाव जरूर घ्या. उशिरासाठी नको.

किऑस्क आणि एआय आले की हे सगळं सुटेल असं काहींना वाटतं. मॅकडोनाल्ड्सने आयबीएमच्या मदतीने अमेरिकेत शंभरहून जास्त ठिकाणी ड्राइव्ह-थ्रूची ऑर्डर मशीनकडून घ्यायचा प्रयोग केला आणि २०२४ मध्ये तो गुंडाळला. आणि किऑस्कने ऑर्डर घेण्याची रांग कमी होते, बनवण्याची नाही. उलट जास्त ऑर्डरी जास्त वेगाने किचनवर पडतात. ५४ आणि ५७ चं गणित आठवा.

मग करायचं काय

तिथल्या तिथे: मॅनेजरला बोलवा. हे भांडण नाही, भांडखोरपणाही नाही, पासवर्ड त्याच्याकडे आहे म्हणून बोलवायचं. आणि काय हवंय ते एका वाक्यात सांगा. "हे काय आहे?" असं विचारलं तर उत्तर "सॉरी सर" येतं. "फ्राइज गार आहेत, ताज्या द्या" किंवा "पैसे परत करा" असं म्हटलं तर तुमच्या हातात काहीतरी येतं. बिल आणि खाण्याचा फोटो एकाच फ्रेममध्ये काढून ठेवा. डिलिव्हरी असेल तर पिशवी उघडतानाच.

बिल नीट वाचत जा, त्यात दोन कामाच्या गोष्टी असतात. एक, दुकान खरं कोण चालवतं. बोर्डवर अमेरिकन नाव असलं तरी मालक वेगळी कंपनी असते. डॉमिनोज भारतात ज्युबिलंट फूडवर्क्स चालवते. मुंबई-पुण्यातलं मॅकडोनाल्ड्स आणि दिल्लीतलं मॅकडोनाल्ड्स वेगवेगळ्या कंपन्यांच्या हातात आहे. तक्रार अमेरिकेच्या ट्विटर हँडलला टॅग करून उपयोग नाही, बिलावरच्या कंपनीला ईमेल करा. दोन, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर छापणं सक्तीचं आहे. खाण्यात काही सापडलं, वास येत होता, पोट बिघडलं, तर तो सर्व्हिसचा विषयच नाही, अन्नसुरक्षेचा आहे. मग हा नंबर घालून एफडीएकडे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे जायचं.

कंपनीने दाद दिली नाही तर १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलतात. एक समजून घ्या, ही हेल्पलाइन कोणाला दंड करू शकत नाही. ती तुमची तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. पण छोट्या रकमेचे परतावे पुष्कळदा इथेच सुटतात, कारण कंपनीतल्या ज्या टेबलावर ती जाते तिथे काउंटरवरच्या मुलाला कधीच पोचता येत नाही.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागत नाही, घटनेपासून दोन वर्षं मुदत असते, आणि दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. ऑनलाइन 'ई-जागृती'वर होतं. पण गार फ्राइजसाठी जाऊ नका बाबांनो. तारखा पडतात, तुमचा आणि आयोगाचा दोघांचाही वेळ जातो.

कशासाठी जायचं याची दोन उदाहरणं देतो, दोन्ही शाकाहारी-मांसाहारीच्या गोंधळाची. जोधपूरच्या ग्राहक आयोगाने २०२३ मध्ये व्हेज ऑर्डरऐवजी नॉनव्हेज पोचवल्याबद्दल झोमॅटो आणि मॅकडोनाल्ड्सला मिळून १ लाखाचा दंड केला. झोमॅटोने अपिलात जाणार असं सांगितलं. उलट मुंबईत, सायनच्या एका मोमोच्या दुकानाविरुद्ध दोघींनी ६ लाखांची भरपाई मागितली होती, ती तक्रार २०२५ मध्ये फेटाळली गेली. बिलावर नॉनव्हेजच लिहिलेलं होतं. शिवाय आयोगाने विचारलं की एवढं कडक शाकाहारी असाल तर दोन्ही विकणाऱ्या दुकानातून का घेतलंत? हा दुसरा मुद्दा मला पटलेला नाही, दुकान दोन्ही विकतं म्हणून चुकीचं देण्याची त्याला मुभा मिळत नाही. पण पहिला मुद्दा वाजवी आहे. पैसे देऊन झाल्यावर बिलावर नजर टाकायला पाच सेकंद लागतात, आणि गर्दीत तेच आपण करत नाही.

जाता जाता, काउंटरवर बिल करताना मोबाइल नंबर मागतात त्याबद्दल. द्यायलाच पाहिजे असं नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितलंय की नंबरची सक्ती ही अनुचित व्यापार प्रथा आहे. "नंबर के बिना बिल नहीं बनेगा" म्हणाला तर शांतपणे मॅनेजरला बोलवा. तो मुलगा स्क्रीनवरची ती चौकट रिकामी सोडून पुढे जाऊ शकत नसेल, मॅनेजर नक्की जाऊ शकतो.

पुढच्या भागात डिलिव्हरी अ‍ॅपवरचे 'प्लॅटफॉर्म फी', 'पॅकेजिंग' वगैरे एकेक आकडा सोडवू. तोवर तुमच्याकडची बिलं जपून ठेवा, आणि काउंटरच्या पलीकडे काम करणाऱ्यांनी, तुमच्या शिफ्टच्या व्हॉइस नोट्स पाठवा, नाव न घेता वाचतो.